दावणीचा राजा आणि सासऱ्यांची माळ

माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, लांब दक्षिणेत. वर्षातून दोनदा घरी येतो. घरी सासू-सासरे, दोन मुली आणि ताईंनी बचत गटाच्या कर्जावर उभ्या केलेल्या बावीस शेळ्या. जानेवारीत त्यांनी दोन बोकड खाटकाला दिले. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. सासरे तेव्हा माघवारीला गेले होते. आता बकरी ईदसाठी सहा बोकड राखून ठेवलेत. व्यापारी नगाला 13 हजार म्हणतो, ईदचं गिऱ्हाईक 20 हजारांपर्यंत येतं. साताऱ्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबानं तर नुसता फोटो बघून एका बोकडाचा 5 हजार इसार दिला. हा बोकड मागच्या आषाढीला, सासरे वारीत असताना जन्मलेला. धाकट्या मुलीनं त्याचं नाव ठेवलं राजा.

सासरे पंचवीस वर्षांपासून माळकरी. शेळ्यांना संध्याकाळी शेवरीचा पाला तेच आणून बांधतात. "ईदला जनावर दिलंस तर त्या पैशाला मी शिवणार नाही आणि यंदा वारीलाही जाणार नाही," असं त्यांनी सांगून टाकलंय. यंदा ईद अधिक महिन्यात, तीही ऐन एकादशीच्या तोंडावर येते, हे त्यांना फार लागलंय. त्याच आठवड्यात गावातली तीन पोरं ओट्यावर येऊन "त्यांना विकायचं नाही" असं बजावून गेली. ताई विचारतात : "हप्ते थांबवता येत नाहीत. पण मी पाप करतेय का? दुसऱ्यांच्या सणावर पैसा कमवावा का? आणि राजाला द्यायला माझाच हात धजत नाही, ते कुणाला सांगू?"

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी मी हिशेबच केला. सहा बोकडांमागे सात-सात हजारांचा फरक, म्हणजे 42 हजार. माणदेशात एवढी रक्कम एकदम बाजरी देत नाही, मटकी देत नाही. "जाऊ दे, यंदा नका देऊ" असं सांगणाऱ्यानं आधी तुमचा हप्ता भरावा, मग बोलावं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढं मी सासऱ्यांच्या बाजूनं बरंच बोलणार आहे.

तुम्ही प्रश्न एकच विचारल्यासारखा विचारलाय. पण त्यात सासऱ्यांचं म्हणणं आहे, ओट्यावर आलेल्या पोरांचं आहे आणि तुमच्या स्वतःच्या पोटातलंही आहे. सगळं एकाच आठवड्यात अंगावर आलं म्हणून ते एकच वाटतंय. सासऱ्यांना आणि त्या पोरांना तर तुम्ही एकाच दाव्याला बांधलंय. मला ते पटत नाही.

जानेवारीतल्या त्या दोन बोकडांपाशी मी अडखळले. जीव घेणं पाप असेल तर ते खाटकाच्या दुकानातही पापच. सुरी तीच, बोकड तुमच्याच दावणीचे. मग सासरे तेव्हा गप्प का राहिले? चटकन सुचणारं उत्तर असं की तेव्हा गिऱ्हाईक ईदचं नव्हतं. असेलही. पण ते माघवारीला गेले होते, हे तुम्हीच ओझरतं लिहून गेलाय. टेम्पो आला, बोकड चढवले, ते ओरडले असतील, शेळ्यांनी आवाज दिला असेल. यातलं त्यांनी काहीच पाहिलं नाही. परत आले तेव्हा दोन दावी मोकळी होती, एवढंच. ईदचं गिऱ्हाईक घरी येतं. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतं, कंबरेचं मांस चिमटीत धरून बघतं, खालचा ओठ ओढून दात मोजतं. आणि हे सगळं सासऱ्यांच्या देखत.

शेवरीचा पाला त्यांनी कसा बांधलेला असतो, ते मला न बघताही माहीत आहे. शेळी खाली टाकलेला पाला तुडवते, त्यावर मुतते आणि मग तोंड लावत नाही. म्हणून जाणता माणूस भारा आढ्याला टांगतो, शेळीला मान वर करावी लागेल इतका उंच. वाळला की सोडतो, दुसरा बांधतो. हे काम रोज करणाऱ्या माणसाला प्रत्येक जनावराची खोड माहीत असते : कोण दुसऱ्याला ढुशी मारतं, कोण आधी शेंडा खातं. माझे वडील खटावातले. बैल विकायच्या दिवशी ते घरी थांबत नसत. कुणाच्या तरी वस्तीवर जाऊन बसत आणि दिवस मावळल्यावर येत. घेणाऱ्याची जात-धर्म त्यांनी कधी विचारली नाही. त्यांना फक्त ते बघायचं नसायचं.

तेव्हा सासऱ्यांच्या मनात काय आहे, ते परस्पर ठरवू नका. विचारा. चारचौघांत नको, सासूबाईंच्या मार्फत नको, आणि फोनवर नवऱ्याकडून वदवून तर अजिबात नको. संध्याकाळी ते भारा सोडत असतील तेव्हा दोरी धरायला जा आणि सरळ विचारा, "जानेवारीत दोन दिले, ते तुम्हाला चाललं होतं का?" आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आपण बायका शांतता पडली की ती भरायला बघतो.

"तेही नव्हतं चाललं" असं ते म्हणाले, तर तुमचा वाद ईदशी नाहीच. माळ घातलेल्या माणसाच्या घरात मटणासाठी जनावर वाढवावं का, हा तो खरा प्रश्न, आणि तो जुना, प्रामाणिक प्रश्न आहे. त्यावर माझं मत सांगते. शेळीपालनात बोकड विकणं टळत नाही. करडांतली निम्मी नर निघतात आणि वीस-पंचवीस शेळ्यांमागे पैदाशीचा बोकड एकच पुरतो. उरलेले कुठं जाणार, हे शेळी पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दूध पिणाऱ्यालाही असायला हवं. सासऱ्यांना हे मुळातच नको असेल, तर बोकड लहानपणीच विकून फक्त पाटी, म्हणजे मादी करडं, वाढवायच्या, शेळ्या कमी करून म्हैस बांधायची, असे मार्ग निघतात. पण त्यांत उत्पन्न घटतं, शिवाय लहानपणी विकलेलं करडू पुढं कुठं जातं तेही आपल्याला माहीतच असतं. एवढी मोठी उलथापालथ ईदच्या तीन आठवडे आधी करायची नसते. दिवाळीला नवरा आला की तिघांनी बसून ठरवा.

आणि "ते चाललं, पण हे नाही" असं ते म्हणाले, तर पुढचं वाचा.

माळ म्हणजे आपल्या ताटाचा नेम. त्या नेमाचा मान ठेवा. ईदची बोली घरात होऊ देऊ नका, व्यवहाराचे पैसे त्यांच्या हातात देऊ नका, त्यांच्याकडून जनावर धरवून घेऊ नका. पण शेजाऱ्याच्या ताटावर पहारा ठेवायला माळ सांगत नाही. तुकोबांच्या ज्या अभंगात देव भक्तांच्या घरची कामं करतो, कबिराचे शेले विणू लागतो, सावत्याचा मळा खुरपतो, त्याच अभंगात तो सजन कसायाला मांस विकायला हातभार लावतो. सासऱ्यांनी हा अभंग भजनात शेकडो वेळा म्हटला असणार. मात्र हा त्यांच्या तोंडावर फेकू नका. सुनेनं सासऱ्याला अभंग ऐकवला की त्याचा टोमणा होतो. मी लिहिलंय, एवढंच पुरे. माझं हे सदर ते वाचत असतील तर वाचतील.

लोणंदचंही असंच. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात शिरते आणि मुक्काम करते तो लोणंदला. शेळ्या-मेंढ्यांचा गुरुवारचा मोठा बाजार भरतो तोही लोणंदलाच. त्या गावाला दोन्ही पेलतं.

आता एकादशी. सासऱ्यांना वाटतंय, यंदा मुद्दाम जुळून आलंय. तसं नाही हो. बकरी ईद असते जिलहिज महिन्याच्या दहाव्या दिवशी. त्यांचा महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो, आपला अमावास्या सरली की. चंद्र दोघांचा एकच. म्हणून त्यांची दहा तारीख दरवर्षी आपल्या शुद्ध दशमी, एकादशी, द्वादशीच्या आसपासच पडते. 2024 ला ईद 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला. दोन्ही वेळा ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीला लागून. 2023 ला तर 29 जूनला आषाढी एकादशी आणि ईद एकाच दिवशी आल्या. फरक एवढाच, की आपण साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना घालून सण ऋतूला धरून ठेवतो. ते घालत नाहीत, म्हणून त्यांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, 27 मेला एकादशी, आणि ईद 27 किंवा 28 मेला, चंद्र दिसेल तशी. चंद्र दहा दिवस आधी दिसतो, त्यामुळे नक्की तारीख तुम्हाला आठवडाभर आधी कळेलच.

2023 ला काय झालं ते सासऱ्यांना आठवत असेल. महाराष्ट्रात कितीतरी गावांत मुस्लिम मंडळींनी आषाढीला फक्त ईदची नमाज पढली आणि कुर्बानी पुढच्या दिवसावर नेली. त्यांच्या शास्त्रात तशी सोय आहे. दहावा, अकरावा, बारावा असे तीन दिवस चालतात. तुमच्या साताऱ्याच्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगा, "आमच्या घरी माळ आहे, एकादशीला आणि आदल्या दिवशी दारात गाडी नको, 24 मेच्या आत घेऊन जा." कुणी वाईट वाटून घेणार नाही. उलट बहुतेकांना जनावर चार दिवस आधी घरी आणायचंच असतं.

ओट्यावर आलेल्या पोरांचं फार लांबवत नाही. त्यांना एकच विचारा : गावच्या जत्रेला बकरं कापायला कुणाला बोलावता? आमच्याकडं जत्रेदिवशी मुलाणीचाचांना सकाळपासून उसंत नसायची. या वाड्यातून त्या वाड्यात, हातात सुरी आणि खांद्यावर पंचा. त्यांचा वाटा ठरलेला असायचा आणि तो दिल्याशिवाय चुलीवर हंडा चढत नसे. देवाच्या नावानं दिलेलं बकरं मुलाण्याच्या हातून चालतं, मग मुलाण्याच्या सणाला आपलं बकरं का चालू नये, याचं उत्तर त्या पोरांनी आपल्या आजोबांकडून घेऊन यावं. आणि खरंच एवढी कळकळ असेल, तर 20 हजारांना सहाही बोकड त्यांनीच न्यावेत. रोखीनं.

तरी गंमत बाजूला ठेवून एक सांगते. राज्यात बंदी आहे ती गाईच्या कत्तलीवर आधीपासून, आणि 2015 पासून बैल, वळू यांच्याही. शेळी-मेंढी त्यात येत नाही. पण रस्त्यात गाडी अडवणारा कायदा वाचून येत नाही, म्हणून कागद हाताशी हवा. बाजारात विकलात तर बाजार समितीची पावती घ्या. घरून विकलात तर साध्या कागदावर नग, रंग, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या. सोबत पशुवैद्यकीय दवाखान्यातून जनावर निरोगी असल्याचा दाखला. गाडीत दाटी करू देऊ नका. पोरं पुन्हा आली तर एकट्या बोलू नका. पोलीस पाटलांच्या कानावर आजच घालून ठेवा, आणि कुणी अडवलं तर 112 ला फोन. घाबरून बोकड 13 हजारांना सोडले, तर पुढच्या वर्षी व्यापारी 11 म्हणेल. असल्या दमदाटीचा फायदा कुणाला होतो, ते एकदा बघून ठेवा.

"दुसऱ्यांच्या सणावर पैसा" याचं तर मला हसूच आलं. सासऱ्यांच्या कपाळावरचा बुक्का कुठून येतो? तालुक्याच्या बाजारात हळद-कुंकू, अबीर-बुक्का घेऊन बसतो तो बहुधा अत्तार, म्हणजे मुसलमान. एकादशीची केळी-रताळी बागवानाच्या गाड्यावरची. त्यांच्यातल्या कुणी कधी विचारलं का, की मी यांच्या उपवासावर पैसा कमवू का म्हणून? सण एकाचा असतो, बाजार सगळ्यांचा.

आता तुमच्या पोटातलं. राजाला द्यायला हात धजत नाही, ते कुणाला सांगू, असं तुम्ही विचारलंय. मला सांगितलंत, बरं केलंत. पण ज्यांनी इसार दिलाय त्यांनाही सांगून बघा. त्यांना ते सगळ्यात लवकर कळेल, कारण त्यांचा सण उभा आहे तोच मुळी यावर. पैगंबर इब्राहिमना स्वप्न पडतं की सगळ्यात लाडका मुलगा देवाला द्यायचा. बाप तयार होतो, मुलगा तयार होतो, आणि ऐन वेळी मुलाच्या जागी मेंढा येतो. आपल्याकडे श्रियाळ-चांगुणेची गोष्ट वेगळी आहे का? नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रियाळषष्ठी येते, तुमच्या सासूबाईंना त्या ओव्या पाठ असतील. अतिथी होऊन आलेला शंकर चिलया बाळ मागतो, आई उखळात घालून कांडते, आणि शेवटी मूल हाक मारत परत येतं. दोन्हीकडं देव नेमकं तेच मागतो जे द्यायला हात धजत नाही.

माझी एक मैत्रीण साताऱ्यात वाढलेली. तिच्या घरी बोकड ईदच्या पंधरा दिवस आधी यायचा. पोरं त्याला गल्लीत फिरवायची, गुळाचा खडा चारायची. ईदच्या दिवशी तिचा भाऊ गच्चीवर जाऊन बसायचा आणि दुपारपर्यंत खाली यायचा नाही. त्याला कुणी कधी रागावलं नाही. तिची आजी म्हणायची, जीवच लागला नाही तर कुर्बानी कसली. कुराणातही सांगितलंय की जनावराचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती देणाऱ्याची निष्ठा. त्या मांसाचे रिवाजाप्रमाणं तीन वाटे होतात : घरचा एक, नातेवाईक-शेजाऱ्यांचा एक, गरिबांचा एक. जनावराचे हाल होतील अशी भीती असेल तर एवढं ऐका : आधी पाणी पाजायचं, सुरी त्याच्यासमोर पाजळायची नाही, एका जनावरादेखत दुसरं कापायचं नाही, असे त्यांच्यात दंडक आहेत. सगळीकडं ते पाळले जातात असं मी म्हणणार नाही. जत्रेत आपण तरी काय काय पाळतो.

तेव्हा वाईट वाटतंय म्हणून ते पाप, असं गणित मांडू नका. ज्या दिवशी बोकड टेम्पोत चढताना काही वाटणार नाही, त्या दिवशी मला पत्र लिहा. ती खरी काळजीची गोष्ट. धाकटीशी मात्र खोटं बोलू नका. "राजा फिरायला गेलाय" वगैरे. शेतकऱ्याची पोर आहे, तिला खरं झेपतं. फसवलेलं मात्र ती विसरत नाही. आणि यापुढं एक साधा नेम करा. विकायच्या जनावराला नाव ठेवायचं नाही. पाटींना ठेवा हवी तेवढी.

(नावावरून आठवलं. आपल्याकडं धनगर 'बकरी' म्हणतो ते मेंढराला, आणि शेळी ती शेळी. त्यामुळं माणदेशात नव्यानं आलेला पाहुणा 'बकरी' म्हणून मेंढरं दाखवली की गोंधळतो. सणाचं अरबी नाव ईद-उल-अझहा. बकरी ईद हे आपल्या मुलखानं लावलेलं.)

वारीच्या पैशांची गाठ वाटते तेवढी घट्ट नाही. सासऱ्यांच्या नावावर जमीन असेल तर किसान सन्मानचे वर्षाला 6 हजार त्यांच्याच खात्यात येत असतील. ते त्यांचे, त्यांना शेळीचा वास नाही. एक हप्ता बाजूला काढा आणि यंदाच्या वारीचा खर्च त्यातूनच होईल असं त्यांना दाखवून द्या. आषाढी यंदा 25 जुलैला आहे, वेळ भरपूर आहे. मी जाणार नाही असं म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा जाण्यासाठी एक सभ्य कारण हवं असतं.

राहिला व्यवहार. हे तुमच्यासारख्या बाकीच्या भगिनींनीही वाचावं. वजन काट्यावर करा, नजरेवर नको. तुम्ही अंदाजानं विकता आणि व्यापारी हातानं तोलून घेतो. त्याचा हात तुमच्या नजरेपेक्षा तयार असतो. कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं : लंगडं, आंधळं, कान बराचसा तुटलेलं, शिंग मुळातून मोडलेलं चालत नाही. विम्याचा बिल्ला मारताना कान फाटणार नाही एवढं जपा. बोकड एकमेकांना ढुशा मारत असतील तर आत्ताच वेगळे बांधा, मोडक्या शिंगाचे पाच हजार जातात. आणि शेवटच्या पंधरा दिवसांत वजन वाढवायचं म्हणून मक्याचा भरडा एकदम दुप्पट करू नका. पोट फुगून रात्रीत बोकड आडवा होतो. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या रोगाची लस राहिली असेल तर उद्याच दवाखान्यात विचारा. दोन-चार गिऱ्हाइकांशी बोलणी चालू ठेवा. कुणाचंच जमलं नाही तर आटपाडीचा शनिवारचा बाजार आहेच, तिथं ईदच्या आधी मुंबई-पुण्याचे व्यापारी उतरतात. मात्र ईदच्या अगदी आदल्या बाजारावर सगळे सहा ठेवू नका. त्या दिवशी भाव चढतोही आणि कोसळतोही, आणि न खपलेला बोकड परत आणताना गाडीभाडं अंगावर पडतं. ईद आता उन्हाळ्यात शिरत चाललीय. 2027 ला ती मेच्या मध्यावर येईल, त्यानंतर आणखी अलीकडे. म्हणजे ऐन चाराटंचाईत बोकड तयार ठेवावे लागतील. मुरघास (मुरवून ठेवलेला हिरवा चारा) किंवा बाभळीच्या शेंगा, काय साठवता येईल ते आत्तापासून बघा.

आता शेवटी राजा. त्याचा जन्म मागच्या आषाढीचा, असं तुम्ही लिहिलंय. मागची आषाढी 6 जुलै 2025 ला होती. म्हणजे यंदाच्या ईदला तो अकरा महिन्यांचाही नसेल. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पुरं लागतं. दिसायला वर्षाचा वाटणारा सहा महिन्यांचा मेंढा चालतो, बोकडाला ती सवलत नाही. उद्या सकाळी त्याचा खालचा ओठ ओढून बघा. आठही दात बारीक, दुधाचे असतील. दोन दाती व्हायला, म्हणजे पहिले दोन पक्के दात यायला, अजून दोन-तीन महिने तरी जातील. एकटंच करडू झालं, दोन्ही थानांचं दूध एकट्यानं प्यायलं, म्हणून अंगानं मोठा दिसतो. फोटोत अंग दिसतं, दात दिसत नाहीत.

त्या कुटुंबाला आजच फोन करा. वय खरं सांगा, इसार परत करा किंवा दुसऱ्या बोकडावर फिरवून द्या, ते म्हणतील तसं. नंतर त्यांना कळलं तर त्यांची कुर्बानी फुकट जाईल आणि तुमचं कायमचं गिऱ्हाईक तुटेल.

मग त्याचं काय करायचं, ते ठरवायला वर्ष मिळालं. चांगल्या अंगाचा आहे, पैदाशीला ठेवावा असं तुमच्या मनात येईलच. पण घरच्या शेळ्यांवर घरचाच बोकड चालवू नका. आईवर आणि बहिणींवर गेला की पुढची करडं खुरटी निघतात. पलीकडच्या वस्तीवरच्या कुणाच्या तरी बोकडाशी अदलाबदल करावी लागेल. म्हणजे जगवायचा म्हटला तरी राजाची दावण बदलणारच. धाकटीला हे आधी सांगा, आणि सांगताना सासऱ्यांनाही जवळ बसवा.